शेवटच्या पाण्यातला रंग

सोमवार, ४ मार्च

चि. बंब्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि सोबत एक चिमटा. आशीर्वाद न मागता मिळतात. चिमटा कशाबद्दल ते तुला ठाऊक आहे. तुझ्या पोरीचं लग्न झाल्यापासून ना पत्र, ना फोन. मी फोन केला की भावजय उचलते आणि म्हणते, "ते गाडीवर गेलेत." मागून तुझं खोकणं ऐकू येतं. आता गाडी घरातच चालवायला लागलास की काय?

म्हणून कागद काढला. फोन ठेवून देता येतो. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी पाकिटावरचं अक्षर ओळखावं लागतं, आणि माझं अक्षर तू झोपेतही ओळखशील. पाटीवर हात धरून गिरवायला मीच शिकवलंय तुला.

इकडचं सगळं ठीक. मी ठणठणीत. आपल्या लाँड्रीच्या जागेत आरशांचं दुकान आलंय, हे तुला कळलंच असेल. जिना उतरून खाली गेलं की डझनभर म्हाताऱ्या एकदम माझ्याकडे वळून बघतात. पहिल्या दिवशी तर मी त्यांतल्या एकीला बाजूला सरून वाट दिली. आरसेवाला पोट धरून हसला. माणूस भला आहे. मला मावशी म्हणतो, माझा दळभद्री नळही दुरुस्त करून दिला त्याने. पण आरशांना वाफ लागत नाही, त्यामुळे आपल्या वरच्या खोलीची फरशी आता कायमची गार पडली आहे.

आठवतं ना रे? बॉयलर खाली, आपण वर. थंडी पडली की आई बरोबर बॉयलरच्या डोक्यावर अंथरुणं घालायची. मधली ऊबदार जागा तुझी, कारण तू शेंडेफळ. मी कडेला, एक पाय गरम फरशीवर आणि दुसरा बर्फात. सकाळी उठलास की खाली पळायचास आणि त्या बॉयलरला पाठ लावून बसायचास, उठायचं नाव नाही. बाबाच एकदा म्हणाले, "हा माणूस नाही, बंब आहे." झालं! शाळेपर्यंत पोचलं ते. आता तुझ्या वर्गात मोटार शिकायला येणारी मंडळी तुला 'सर' म्हणतात, तेव्हा मला वाटतं, उठून सांगावं, अरे, हा आमचा बंब्या आहे, याच्या अंगाला खळीचा वास यायचा.

परवा दुपारी खिडकीशी बसले होते. खाली कुणीतरी ओलं कापड झटकलं. तोच आवाज, पखवाजावर थाप पडावी तसा. क्षणभर वाटलं, आईच चादरी झटकतेय. मग सगळंच आठवत गेलं. त्या फिरत्या पिंपातून निघणारी हॉटेलांची धुणी, कॉलरच्या आत लाल दोऱ्याने घातलेल्या खुणा, पिंपाच्या तळाशी सापडणारी बटणं.

बटणांवरून बाबांचा खेळ आठवला. वाफेच्या नळाची चावी बाबा फडक्याशिवाय फिरवायचे. उकळत्या किटलीचं झाकण दोन बोटांत धरून शांतपणे बाजूला ठेवायचे. आणि तू लबाड, दाराशी उभा राहून गल्लीतल्या पोरांकडून तिकीट घ्यायचास, एक बटण. फुटकं चालायचं नाही तुला. "आमच्या बाबांना भाजत नाही!" अशी तुझी आरोळी. मी आत उभी राहून छाती फुगवायचे. एकदा बेकरीवाल्याच्या मुलाने, आमचे बाबा भट्टीत हात घालतात, अशी थाप मारली, तर तू त्याला पिठाच्या पोत्यावर आडवा केलास.

आपल्या घरात 'दुखतं' हा शब्दच नव्हता. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्या खुर्चीत विणता विणता गेली, लोकर हातात तशीच. बाबा जेवून उठले, इस्त्री केलेल्या चादरींच्या ढिगाला पाठ टेकली, "जरा बसतो" म्हणाले, आणि बसलेच. दोघांनाही साखरेचा आजार होता, पण छातीत कळ आली असं कुणी म्हटलं नाही. बेकरीवाला म्हणाला होता, "काय काळीज होतं बघा! हूं नाही की चूं नाही." तेव्हापासून आपणही तेच म्हणत आलो. आमच्या घराण्यात कुणाची छाती दुखत नाही. लग्नात तू व्याह्यांना हे असं सांगत होतास, जशी काही घराण्याला मिळालेली पदवीच.

आता एक गोष्ट सांगते. चिडू नकोस, पुरतं वाच.

गेल्या महिन्यात माझी नेहमीची तपासणी झाली. माझी खोड तुला माहीत आहे. तपासणीच्या आधीचा आठवडा मी अगदी व्रतस्थ. साखर बंद, पाव बंद, संध्याकाळी चौकापर्यंत चालणं. मग उपाशीपोटीचा आकडा छान येतो, डॉक्टरीणबाई खूश होतात, आणि घरी येताना मी बेकरीत शिरते. या खेपेला त्यांनी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी लावली. चोर मुद्देमालासकट सापडला.

"आजी," त्या म्हणाल्या, "आठवडाभर अभ्यास करून पास व्हायचे दिवस संपले."

मी म्हटलं, "अहो, पण मला काही होत नाही. आमच्या घराण्यात हृदयाचा त्रासच नाही." आणि बाबांची, आत्याची गोष्ट सांगितली. किटलीचं झाकणही सांगितलं, तुझ्या तिकिटासकट. मी हसत होते. त्या हसत नव्हत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"आजी, तो खेळ नव्हता. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा बधिर होत जातात. आधी पायांच्या, मग हातांच्या, आणि काही जणांच्या हृदयाच्याही. अशा माणसाच्या हृदयाला इजा झाली तरी ओरडून सांगणारी नसच गप्प बसलेली असते. दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं हो."

बंब्या, मी घरी कशी आले मला माहीत नाही. खेळ संपून पोरं पांगली की आई बाबांचा हात दिव्याजवळ नेऊन बघायची आणि फोडावर पट्टी बांधायची. ती पट्टी मला दिसायची. पण ती मी खेळात धरलीच नव्हती. आपण ज्याला बाबांचं बळ म्हणत होतो तो आजार होता रे. आणि आपण त्याची तिकिटं विकत होतो. लेकरं होतो आपण, आपला काय दोष? पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, "दुखतच नसेल तर कळायचं कसं?"

त्या म्हणाल्या, "रक्तातून कळतं. हृदयाच्या भिंतीवर ताण पडला की एक पदार्थ रक्तात उतरतो. हृदयाचा स्नायू जरासा जरी दुखावला तर दुसरा उतरतो. माणसाला जाणवायच्या आधी हे आकडे हलतात."

मी म्हटलं, "म्हणजे शेवटचं पाणी."

त्यांना कळेना. तुला कळेल. कापड खळबळून झालं की बाबा शेवटचं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्यायचे आणि दाराच्या उजेडात धरायचे. कापड बघायला नवं कोरं. पण पाण्यात गुलाबी झाक दिसली की म्हणायचे, "हे रंग सोडतंय. आजपासून याला गरम पाणी बंद." कापड विटलेलं डोळ्याला दिसायला लागलं की मग हातात काही उरत नाही, जे करायचं ते पाण्यात दिसल्यावरच. हे सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर. फक्त एवढं ध्यानात ठेवा, हा आकडा म्हणजे निकाल नाही, इशारा आहे. वाढलेला दिसला तर पुढच्या तपासण्या करायच्या, औषधं बदलायची. आणि कमी दिसला म्हणून मोकाट सुटायचं नाही."

मग मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं, पण उरलेलं पुरेसं होतं.

आता तुझ्याकडे येते. लग्नाच्या दिवशी तुझ्या बुटात खिळा निघाला. सकाळपासून तू त्यावर नाचत होतास, मोजा रक्ताने भिजला होता, आणि तुला पत्ता नव्हता. बूट उलटा करून तो खिळा तू पंगतीत सगळ्यांना दाखवलास, "बाबांचाच पाय!" म्हणून. मी तिथल्या तिथे तुला फैलावर घेतलं, आणि तू व्याह्यांदेखत म्हणालास, "ताई, तुझी वैदकी लाँड्रीत वाळत घाल." चारचौघांत बोलले ते मलाही शोभलं नाही, पण खिळा तुझ्या पायात होता, माझ्या नाही.

तुझी साखर माझ्याहून जुनी. तुझं उत्तर मला पाठ आहे: "दुखलं की जाईन." अरे, तेच तर म्हणतेय मी, दुखणार नाही! तुझ्या शेजारी शिकाऊ पोरं बसतात. सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे या भरवशावर ती गाडी रस्त्यावर घालतात. आणि त्या पायाला खिळा कळत नाही.

एवढंच कर. रक्त दे. माझ्यासाठी नाही, तर त्या पोरांसाठी दे.

माझी काळजी करू नकोस. भावजयीला सांग, खोकला पुरे झाला, फोन घेऊ दे म्हणावं. रागावला असशील तर रागाचंच उत्तर पाठव, पण पाठव.

तुझी,
ताई

*

शुक्रवार, १५ मार्च

चि. बंब्यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मधे एवढंच: "ताई, वाडगं लिहिलंस, पाणी लिहिलंस, रंग लिहिलास. तुझ्या पाण्यात काय निघालं ते कुठाय?"

मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. आरसेवाला धावत आला, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही रे, भाऊ हुशार निघाला."

ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी. आता ठेवते समोर.

निघालं, बंब्या. दोन्ही आकडे वाढलेले निघाले. मग हृदयाचा ईसीजी काढला, मग सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजवून त्या मुलीने पडद्यावर मला माझंच हृदय दाखवलं. इतकी वर्षं वापरलं, पण कधी पाहिलं नव्हतं. छान उघडझाप करत होतं बिचारं. फक्त एका बाजूची भिंत स्वतःहून हलत नव्हती, बाकीच्यांबरोबर नुसती ओढली जात होती. दोरीवरची चादर एका टोकाला अडकली आणि वारा सुटला की कशी हलते, तशी.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. काही महिन्यांपूर्वी."

मी विचारलं, "कधी?"

"ते तुम्हीच आठवून सांगायचं."

तेव्हापासून मी दिवस शोधतेय. असा कसा दिवस हरवतो माणसाचा? आपल्याच काळजावर घाव पडावा आणि आपण त्या दिवशी भाजी निवडत असावं! हिवाळ्यातली ती दुपार असेल का, पडदे काढून धुतले आणि मग उठवेना म्हणून जमिनीवरच आडवी झाले? की तो सोमवार, उलटी झाली आणि मी शिळ्या आमटीला बोल लावला?

पण खरं सांगू? मन पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जातं. लग्नाचा हॉल, त्या उंच पायऱ्या. अर्ध्यात मला एकदम घाम फुटला, जबड्यापाशी काहीतरी आवळल्यासारखं झालं, आणि मी खाली बसले. तू वरून ओरडलास, "ताई, नवरीसुद्धा एवढा वेळ लावत नाही!" सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, बूट चावतात. आणि ते खरं वाटावं म्हणून बूट काढून हातात घेतले आणि तशीच वर आले. अल्बममध्ये बघ, तुझ्या पोरीच्या शेजारी मी अनवाणी उभी आहे. हसतेय.

आणि त्यानंतर तासाभरात पंगतीत मी तुझ्या पायावरून तुला सुनावलं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुखलं नव्हतं रे. दुखलं असतं तर सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण मी नसतं सांगितलं. तुझ्या पोरीचं लग्न होतं, आणि मी आईचीच लेक.

बाबांचाही असा एखादा दिवस आधी होऊन गेला असेल. मी तोही शोधला. मला वाटतं, आपल्याला तळ्यावर नेलं होतं तो रविवार. लाँड्री बंद ठेवून बाबांनी आपल्याला फिरायला नेलं, असं आयुष्यात बहुधा एकदाच झालं. परतताना बाबा झाडाखालच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं पुढे पळा. कोण जिंकतं ते मी इथून बघतो." आपण सुसाट पळालो. तू पडलास, मी तुझ्यासाठी थांबले नाही, आणि तू भोकाड पसरलंस. मागे वळून पाहिलं तर बाबा बसल्या जागेवरून हात हलवत होते. ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं. एवढे निवांत बसलेले बाबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. माझ्या आठवणीत तो आपल्या घरातला सगळ्यात सुंदर दिवस आहे. त्या दिवशी खरं काय झालं असेल, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, विचारणारही नाही. आकडे माझे काय सांगायचे ते सांगोत. तो रविवार मी कुणाला तपासू देणार नाही.

असो. आता पुढचं. गुरुवारी सकाळी मनगटातून बारीक नळी घालून बघणार आहेत, वाट कुठे तुंबली आहे ते. जमलं तर तिथल्या तिथेच मोकळी करतील. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेवर कळलं, अजून पुष्कळ करता येण्यासारखं आहे. औषधं आजपासूनच बदलली. साखरेचा हिशेबही आता आठवड्याचा राहिला नाही, रोजचा झाला. बेकरीवरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते. वास तिकडेही येतो, पण वासाला कुणाची मनाई नाही.

नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" आरसेवाला येतो म्हणाला होता. दुकान बंद ठेवीन, मावशी, म्हणाला. पण नर्सने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ येणार आहे." तुला न विचारता सांगून बसले. आता त्या कागदावर तू लिहिला गेला आहेस.

तुला दटावायला मला येतं. शिकवायला, ओरडायला, कान धरायलाही येतं. मागायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे हे वाकडंतिकडं लिहिलं जातंय, समजून घे. रक्त तिथेच खालच्या मजल्यावर घेतात. त्या दोन चाचण्यांना उपाशीही राहावं लागत नाही, मी विचारून ठेवलंय. तेव्हा न्याहारी करून निघालास तरी चालेल. द्यायचं की नाही ते तू ठरव. मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नाही दिलंस तरी ये.

मला दुखत नाही, बंब्या. कुठेच नाही. पण भीती वाटते. फार वाटते. हे मी आईला कधी म्हटलं नाही, तुझ्या भावजींना शेवटपर्यंत म्हटलं नाही. तुला म्हणतेय.

गुरुवारी लवकर ये. मला आत नेण्याआधी.

तुझीच,
घाबरलेली ताई